साबणाच्या खोक्याच्या पट्ट्या

— करीन सही, करीन, मी कुठे पळून जातेय का? आधी बूट काढ आणि त्या टोपलीतल्या सपाता पायांत चढव. ही लाकडी जमीन मी माझ्या हातानं मेण लावून घासलेली आहे, तुमच्या विभागातले लोक चिखलाचे बूट घेऊन आत येतात आणि वर मला विचारतात, काय ग्लाफिरा लुकिनिच्ना, अजून जिवंत? आहे जिवंत. एकोणऐंशी पुरी झाली मार्चात आणि अजून चाळीस किलोचं खोकं उचलते, तू उचलून दाखव! — नाव काय म्हणालीस, उल्याना? बस, उल्याना. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय लटका आहे. चहा घे. साखर त्या डब्यात आहे, स्फटिकाच्या कपाटाशेजारी, बघून घे, मागच्या वर्षी एका पाहुण्यानं तुरटी टाकली होती चहात.

तर उद्या पुस्तक छापायला जाणार. वेनेदिक्त ओसिपोविच झिर्‍यानोव यांची जन्मशताब्दी, जाड कव्हर, विद्यापीठाच्या रेक्टरची प्रस्तावना — आणि त्यात माझ्या या चार पेट्यांचा पानभर फोटो. खाली लिहिणार, सात नंबरची बोअर, एकोणीसशे एक्कावन्न, याच दगडी गाभ्यात प्राध्यापकांना पहिल्यांदा दिसलं की उत्तर उरालचा हा डोंगर उलटलेला आहे, जुना दगड नव्या दगडाच्या डोक्यावर चढून बसलाय. आणि त्याखाली माझी सही. संग्रह सांभाळणारी म्हणून. की गाभा मूळ क्रमात आहे, जसा जमिनीतून निघाला तसा. एवढंच ना? एकच ओळ. ती ओळ मला पाठ आहे, पोरी, दर पाच वर्षांनी मोजणी होते तेव्हा तीच ओळ असते. अकरा वेळा केलीय सही. बाराव्यांदा करायला काय जातंय? काही जात नाही. पेन ठेव तिथे.

पण तू त्यांच्याविषयी लिहिलंयस काय, ते वाच ना जरा. — हं. हं. 'थोर शास्त्रज्ञ आणि निष्ठावान शिक्षक'. हे तर कुणाच्याही थडग्यावर चालेल! ते चर्चमधल्या घंटा वाजवणार्‍याचे पोरगे होते, हे लिहिलंयस का? त्या काळी धर्माशी असलेलं नातं लपवायचं असायचं, अर्जात ते 'शेतकरी कुटुंब' लिहायचे. व्याटकाहून तीन आठवडे पायी आले होते इथे, खनिजशास्त्र शिकायला, खिशात आईनं दिलेले उकडलेले बटाटे आणि नदीतला एक गोटा. तो गोटा त्या कपाटात आहे, दुसर्‍या फळीवर. काही खास नाही, साधा गारेचा गोटा, पण मी दर आठवड्याला पुसते. युद्धात मँगनीजचा साठा शोधून काढला, त्याचं पदक मिळालं, ते कधी छातीवर लावलं नाही, पोराला खेळायला दिलं आणि त्यानं हरवलं. पंचेचाळीस साली प्राध्यापक, अठ्ठेचाळीस साली विभागप्रमुख. आणि वर्गात दगडाला जीभ लावायचे! पुढच्या बाकावरच्या मुली ई करायच्या, आणि ते म्हणायचे, नाकडोळे फसवतात, जीभ फसवत नाही, चिकणमाती चिकटते, मीठ खारट लागतं, चाटा! सहाशे विद्यार्थी घडवले त्यांनी, सगळ्यांनी चाटलेत दगड, आज त्यातले दोघं मंत्री आहेत म्हणे.

मी? मी काय, मी स्वयंपाकीण. एक्कावन्नच्या उन्हाळ्यात त्यांच्या शोधपथकाबरोबर नदीकाठी गेले. वीस वर्षांची होते, ओरेनबुर्गकडच्या गवताळ माळावरची, बाप युद्धात गेला, शाळा एक हिवाळा पाहिलेली. बावीस माणसांची लापशी, बावीस माणसांचा चहा, वर शिव्या. तो एक बोअरवाला होता, मितका पेर्मिकिन, अंगानं अस्वल — तो म्हणायचा, ग्लाशा, तुझ्या लापशीचाच गाभा काढला पाहिजे, थर मोजता येतील! मी डाव फेकून मारला होता त्याला. लागला कानशिलावर. आणि संध्याकाळी जेवणं झाली की वेनेदिक्त ओसिपोविच मला आकडे शिकवायचे. अक्षरं नंतर, आधी आकडे, कारण आकडे लगेच उपयोगी पडतात म्हणाले. लाकडाच्या ढलपीवर पेन्सिलीनं ते लिहायचे, मी खाली गिरवायचे. त्यांचा सात असा — बघ, पोटात आडवी रेघ, आणि वरची टोपी किंचित वाकडी, वार्‍यानं उडाल्यासारखी. मी तसाच्या तसा उचलला. आजही माझा सात तसाच निघतो.

काय बघतेस? — पेटीतल्या पट्ट्यांचा रंग? उन्हानं. काही पिवळ्या पडतात, काही नाही.

बरं, ऐक, तू दगडवाल्यांतली नाहीस, भाषेची आहेस ना? मग सांगते. जमिनीत नळी फिरवत खाली जातात, नळीत दगडाचा दांडा भरून वर येतो, तो गाभा. तो असा पेटीत मांडायचा, पुस्तकातल्या ओळींसारखा, डावीकडून उजवीकडे, एक ओळ संपली की खालची. आणि नळी जिथे-जिथे वर काढली तिथे दोन तुकड्यांमध्ये एक लाकडी पट्टी खोचायची, तिच्यावर पेन्सिलीनं खोली लिहायची. एकशे ब्याण्णव मीटर, एकशे शहाण्णव मीटर. शाई नाही, पेन्सिल, कारण शाई पावसात पळते. ती पट्टी म्हणजे सगळं. पट्टी गेली की तो नुसता दगड, रस्त्यावर टाकायच्या लायकीचा. मितका पेर्मिकिनसारखा रेडासुद्धा पेटी उचलताना आधी पट्ट्यांवर हात ठेवायचा. पथकातलं कुत्रं पेटीजवळ बसलं तरी बोंब व्हायची.

ऊन म्हणाले का मी मघाशी? ऊन कुठलं, ही खोली उत्तरेकडची. तुला काय सांगायचं, तू हुशार आहेस, तुला दिसलंच की लाकूड वेगळंय.

पाऊस लागला होता, बाई. ऑगस्ट संपत आलेला, पाच दिवस, थांबायचं नावच नाही. सगळे पुरुष नदीपलीकडे यंत्र हलवायला गेले होते, छातीभर पाण्यातून परत यायचे होते, आणि माझी चूल विझली. लाकूड ओलं, आडोशाचं लाकूड ओलं, काड्यापेटीत सहा काड्या. आमच्या माळावर झाडच नाही, आम्ही जन्मभर गोवर्‍या जाळल्या, गोवरी म्हणशील तर मी झोपेत पेटवीन! रानातलं मला काय ठाऊक? चार काड्या गेल्या. ते येणार, गारठलेले, एकाला आधीच ताप, आणि हीच ग्लाशा त्यांना थंड पाणी देणार आणि मितका हसणार — आणि ताडपत्रीखाली माझ्यासमोर पेट्या. चौदा, पंधरा, सोळा, सतरा. त्यांत पट्ट्या. देवदाराच्या, सुकलेल्या, बोटभर रुंद.

माहीत नव्हतं असं म्हणू नकोस मला. तुला वाटलं मी म्हणेन की अडाणी होते, कळलं नाही. कळत होतं! तेच तर. मला आकडे येत होते ना आता! मी शहाणी झाले होते! मी म्हटलं, ग्लाशा, आधी आकडे उतरून घे, मग जाळ, मग नव्या पट्ट्या कापून लिही, कुणाच्या बापाला कळणार नाही. पिठाचं रिकामं पोतं घेतलं, कोळशानं एकेक आकडा उतरवला, पेटीप्रमाणे, ओळीप्रमाणे, इतकी गर्वानं फुगले होते की जिभेचं टोक बाहेर काढून लिहीत होते, वर्गातल्या पोरासारखी. पट्ट्या पेटल्या फटकन. चहा झाला, लापशी झाली. ते आले, प्याले, वेनेदिक्त ओसिपोविच म्हणाले, ग्लाशा, तू आम्हाला वाचवलंस. सगळ्यांसमोर म्हणाले. मला ते अजून ऐकू येतं. आणि ते पोतं मी वाळत घातलं होतं चुलीच्या छपराला, आणि छप्पर गळत होतं.

कोळसा पाण्यात पळतो. शाईपेक्षा जास्त पळतो. दुसर्‍या दिवशी पोत्यावर वरच्या दोन ओळी होत्या आणि खाली काळा चिखल. आणि पेट्यांच्या बाजूंवर जे नंबर होते तेही पाच दिवसांच्या पावसानं फिके, चौदा की सतरा सांगता येईना — आणि पट्ट्या काढायला म्हणून त्या पेट्या मीच इकडच्या तिकडे ओढल्या होत्या. मग काय केलं? काय करणार! साबणाचं एक रिकामं खोकं होतं, पातळ फळ्यांचं, ते फोडलं, सुरीनं पट्ट्या केल्या, आणि लिहिलं. जेवढं पोत्यावर दिसलं तेवढं खरं, बाकीचं अंदाजानं. आकडे वाढत गेले पाहिजेत एवढं मला कळत होतं, म्हणून वाढवत गेले. सात सुंदर काढले. मग पेट्यांवर नंबर गडद केले. सांगायला हवं होतं तेव्हाच. त्यांनी रागावून डोकं धरलं असतं, एक हंगाम फुकट गेला असता, मला हाकललं असतं, मी माळावर परत गेले असते. बस एवढंच झालं असतं.

सप्टेंबरात तळावर ते पेट्या वाचायला बसले. मी बटाटे सोलत होते. एकदम ओरडले, ये, ये, ग्लाशा, तूही ये, बघ! — जुना चुनखडक वर, नवा काळा दगड खाली. मला त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांचा चेहरा कळला. दहा वर्षांनी लहान झाला होता माणूस. डोंगर उलटलाय, म्हणाले, आम्ही सगळे आंधळे होतो. तुटलेल्या टोकाला टोक जुळवून बघायला हवं होतं त्यांनी, फुटलेली बशी जुळवतो तसं, हेच ते विद्यार्थ्यांना बजावायचे. नाही बघितलं. मनासारखं दिसलं की माणूस जुळवून बघत नाही. एवढी चूक त्यांची, मी तीही लपवणार नाही. पण बशी मी फोडली होती.

त्यावर त्यांनी प्रबंध लिहिला. त्यावर मॉस्कोहून पैसा आला, शेजारीच बाराशे मीटरची बोअर, दोन हिवाळे, उलटलेल्या डोंगराखाली कोळसा मिळणार म्हणून. आणि मला इथे आणलं त्यांनी, या संग्रहात, हिचा हात वळणदार आहे, लेबलं लिहील म्हणाले. बोअर खाली गेली आणि सगळं शहाण्या पोरांसारखं रांगेत निघालं, नवं वर, जुनं खाली, कोळसा नाही, काही नाही. मग चौपन्नच्या फेब्रुवारीत चौकशी समिती बसली. वरच्या मजल्यावर, ते लांब टेबल आहे ना, तिथे. या चार पेट्या मागवल्या. आणि समितीतला एक माणूस, सोनेरी चष्म्याचा, त्यानं लगेच ओळखलं — तुझ्यासारखंच, लाकूड वेगळं. म्हणाला, या पट्ट्या मागाहून घातलेल्या आहेत. आणि मग त्यांची पथकातली वही उघडून पट्टीशेजारी धरली आणि म्हणाला, वेनेदिक्त ओसिपोविच, हा सात तुमचाच ना?

मी तिथेच होते. चहाचे पेले घेऊन उभी, अकरा पेले.

त्यांनी पट्टी घेतली. उजेडात धरली. आणि — तू हे कसं लिहिशील मला माहीत नाही — त्यांनी तिला जीभ लावली. कोपर्‍यातल्या कुणाला तरी हसूसुद्धा आलं, सवय गेली नाही म्हणे. मग त्यांनी वर बघितलं, टेबलाकडे नाही, माझ्याकडे. साबण, उल्याना. अडीच वर्षांनीसुद्धा जिभेला साबण लागतो. पथकात साबणाचं खोकं कुणाच्या ताब्यात असायचं? स्वयंपाकिणीच्या. मी म्हटलं, आता बोलतील. आणि पोटात, खरं सांगते, मला बरंच वाटलं, की आता ते बोलतील आणि मला बोलावं लागणार नाही. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली, हळूच, आणि म्हणाले, हो, अक्षर माझं आहे.

आणि मी चहा वाटला. अकराच्या अकरा. त्यांच्यापुढेही ठेवला, ते म्हणाले, आभारी आहे, ग्लाशा.

नको, रुमाल नको, माझ्याकडे आहे. आणि असं बघू नकोस, दया दाखवायला आलीस का इथे? अजून मुख्य राहिलंय. त्यांना काढलं. खोटे पुरावे तयार करणारा असा शेरा. खाणीच्या गावी तंत्रशाळेत पाठवलं, दहा वर्षं, तिथल्या पोरांना फावडी कशी धरायची ते शिकवत होते. आणि निघायच्या आधी त्यांची बायको आली माझ्याकडे. नीना आर्सेन्येव्ना. इथे, तू बसलीस तिथेच बसली, टोपी न काढता. म्हणाली, ग्लाशा, तू नदीवर होतीस, मला एकच सांग — हे त्यांनी केलं का? नुसतं हो किंवा नाही म्हण, मी कुणाला सांगणार नाही, मला फक्त स्वतःला कळायला हवं. आणि मी — मी! जी मितका पेर्मिकिनला डाव फेकून मारते, जी रेक्टरला तोंडावर गाढव म्हणाली — मी खाली बघून म्हटलं, मला काय कळतं, मी स्वयंपाकीण.

ती त्यांच्याबरोबर गेली नाही. पोराला घेऊन बहिणीकडे गेली, कझानला. तुझ्या पुस्तकात काय लिहिलंयस, 'कौटुंबिक कारणांमुळे विभक्त'? ते कौटुंबिक कारण तुझ्यासमोर बसलंय, चहा पितंय.

मी काय केलं त्या दहा वर्षांत? शिकले. अक्षरं, मग पुस्तकं, मग त्यांची सगळी पुस्तकं, एकटीनं, कुणी शिकवायला नव्हतं. मला वाटायचं, मी इतकं शिकेन की एक दिवस त्यांच्यासमोर जाऊन नीट शब्दांत सांगेन. शिकले आणि आणखीच कळलं की काय करून बसले. चौसष्टला त्यांना परत घेतलं, प्रमुख नाही, साधे प्राध्यापक. आत आले, तिथे दारात उभे राहिले, केस पांढरे, बुटांना खाणीची धूळ, आणि हातात दोरीनं बांधलेली गुंडाळी. बर्चची साल. माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ही ओली असली तरी पेटते, ग्लाशा. तुला तेव्हा सांगायचं राहून गेलं माझं.

राहून गेलं माझं, म्हणाले! त्यांचं! दर शरदात आणायचे, पंधरा वर्षं, मरेपर्यंत. जंगलात विद्यार्थी घेऊन गेले की एक गुंडाळी. मी घ्यायचे. दर वेळी म्हणायचे मनात, आज सांगते. आणि म्हणायचे, चहा टाकू का? ते त्या कपाटाच्या खाली आहे सगळं, पंधरा गुंडाळ्या, एकही पेटवली नाही.

आणि आता तुम्ही म्हणता ते बरोबर होते. हो, मी वाचलंय, चाळीस किलोमीटरवर खरंच सापडला उलटलेला डोंगर, अठ्ठ्याहत्तर साली, ते वर्षभरानं गेले. म्हणून आता फोटो, म्हणून शताब्दी, द्रष्टे म्हणे. त्यांना दिसलं, पण कुठे दिसलं? माझ्या अंदाजात दिसलं! तुला एक सांगू, सगळ्यांत लाज कशाची वाटते? अठ्ठ्याहत्तर साली ती बातमी आली ना, तेव्हा एक क्षण, एकच, मला वाटलं — बघा, माझ्यामुळे सुचलं त्यांना. असं वाटलं मला. असला माणूस आहे मी.

दे तो कागद. नाही, तुझा छापील नको. मागचा कोरा दे. पेन नको, पेन्सिल दे. आणि इकडे ये, माझ्या खांद्याशी उभी राहा, माझ्या हाताकडे बघ — कागदाकडे नाही, हाताकडे. 'सात नंबरची बोअर. पेट्या चौदा ते सतरा. मूळ पट्ट्या पथकाची स्वयंपाकीण ग्लाफिरा लुकिनिच्ना रुकाविश्निकोवा हिनं २७ ऑगस्टला चूल पेटवायला जाळल्या. आत्ताच्या पट्ट्या साबणाच्या खोक्याच्या, तिनंच अंदाजानं लिहिल्या. क्रम खरा नाही. प्राध्यापकांना माहीत नव्हतं.' तारीख. सही.

आता कागद बघ. सत्तावीसमधला सात बघ. दिसला? टोपी वाकडी, पोटात रेघ. त्यांचाच. हे लेबल मी एकटीनं लिहून पेटीत ठेवलं असतं ना, तर उद्या कुणी तरी सोनेरी चष्मेवाला म्हणाला असता, म्हातार्‍यानं स्वतःलाच वाचवायला लिहून ठेवलंय. म्हणून तुला बसवून ठेवलं. चहा-साखरेसाठी नाही. तू बघितलंस हात कुणाचा होता.

फोटो काढ आता. लेबलासकट. पुस्तकात घाल नाही तर नको घालूस, ते तुझं तुझ्याशी, मी सांगणार नाही. उत्तर मला देऊ नकोस — नको म्हटलं ना. चार वाजले, संग्रह बंद. सपाता टोपलीत टाक. जोडीनं टाक, गं, वेगवेगळ्या नको.